अर्धं केळं शाबूत आहे

२ जुलै

आज घरात माझ्या कानांवर बैठक झाली. अध्यक्ष सूनबाई. मलाही बोलावलं होतं म्हणे, पण बहुधा हळू आवाजात.

मुद्दा असा. माझी सात वर्षांची नात, गोटी, शाळेच्या काव्यवाचन स्पर्धेत कविता म्हणणार आहे. कविता माझी. ‘सांजसावल्या’. कॉलेजात असताना गच्चीत बसून लिहिली होती. पुढे जन्मभर भाषेचा शिक्षक म्हणून दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या, स्वतःची ही एकच. आजवर कुणी चारचौघांत म्हटलेली नाही. स्पर्धेचा विषय ‘माझी आवडती कविता’. गोटीची आवडती कोणती, ते मी तिला सांगितलं.

रोज संध्याकाळी मी खुर्चीत, ती समोर. मी डोळे मिटून ऐकतो. काल आईच्या सांगण्यावरून तिने कवितेऐवजी साताचा पाढा म्हटला. मी शेवटी वाहवा दिली आणि दुसऱ्या कडव्यात थोडी हुरहुर हवी, अशी सूचना केली म्हणे.

माझं म्हणणं, पाढ्यालाही लय असते. ते कुणी विचारात घेतलं नाही.

सूनबाईंची अट: बाबा, कान तपासून घ्या, नाहीतर गोटीची तयारी शाळेतल्या मॅडमच करून घेतील. त्या मॅडम! कवितेला पोएम म्हणतात. ‘सांजसावल्या’ त्यांच्या हाती पडली तर हातवारे करून म्हणवून घेतील. ‘सावल्या’ म्हणताना जमिनीकडे बोट.

संकल्प: तपासणी करायची. पहिल्या वर्गात पास व्हायचं.

५ जुलै

तपासणी झाली. पेपर सोपा होता.

एक लहानशी खोली, चारी भिंतींना स्पंज, एका बाजूला काचेची खिडकी. पलीकडे कानाच्या बाई आणि त्यांचं यंत्र. माझ्या डोक्यावर हेडफोन, हातात बटण. कितीही बारीक आवाज आला तरी दाबा, असं बाई म्हणाल्या. दार लावल्यावर काय शांतता! वार्षिक परीक्षेत शेवटच्या टोल्याआधी वर्गात पसरायची, तशी. मला माझा नववी ब आठवला. तिसऱ्या बाकावरची ती दोन भांडकुदळ मुलं, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप... तेवढ्यात बाई काचेवर टकटक करत होत्या. आवाज बराच वेळ चालू होता म्हणे.

हा व्यत्यय सोडला तर उत्तम.

५ जुलै, दुपार

रिपोर्ट हातात आला. धक्का बसला.

चौकटीचा कागद. उजव्या कानासाठी लाल शाईत नुसती शून्यं. डाव्या कानासाठी निळ्या शाईत नुसत्या फुल्या. शून्यं आणि फुल्या! इतकी वर्षं पेपर तपासले, पण एखाद्या पोराच्या अख्ख्या पेपरावर असा नांगर मी कधी फिरवला नाही. दोन मार्क तरी अक्षरासाठी द्यायचो.

ही (माझी पत्नी) म्हणाली, ऐकू न येणं वेगळं आणि ऐकून न घेणं वेगळं. दोन्ही तपासायला सांगितलं होतंत ना?

५ जुलै, संध्याकाळ

उगाच घाबरलो. कागद नीट वाचला. शून्यं आणि फुल्या ही फक्त उजव्या-डाव्याची खूण आहे, तळाशी बारीक अक्षरात छापलंय. खरे मार्क बाजूच्या रकान्यात आहेत. सुरुवातीला पंचवीस, मग तीस, पंचेचाळीस, पुढे साठ आणि शेवटी सत्तर! म्हणजे अवघड प्रश्नांना मार्क जास्त. हे हुशार मुलाचं लक्षण. सोप्यात निष्काळजी, अवघडात डिस्टिंक्शन. वरच्या कडेला २५० पासून ८००० पर्यंत आकडे आहेत, ते बैठक क्रमांक असावेत.

सूनबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, बाबा, रेघ खाली चाललीय. मी म्हणालो, पण आकडे वर चाललेत.

उद्या बाईंकडून शिक्कामोर्तब करून घेऊ.

६ जुलै

शिक्कामोर्तब झालं नाही.

तो आलेख उलटा असतो. माथ्यावर शून्य म्हणजे अगदी हळू आवाज, जसजसं खाली जावं तसा आवाज मोठा. माझं सत्तर म्हणजे सत्तर मार्क नव्हेत. तो आवाज तेवढा मोठा केला तेव्हा कुठे मी बटण दाबलं. ज्याला कमी तो हुशार. असली मार्कांची पद्धत कुठल्या बोर्डाने काढली कोण जाणे! डावीकडे जाड आवाज, ढोलासारखे. उजवीकडे बारीक, शिट्टीसारखे. माझी रेघ डावीकडून बरी निघते आणि उजवीकडे घसरगुंडीवरून उतरते.

मग बाईंनी पेन्सिलीने त्यावर एक केळं काढलं. खरंच केळं. माणसाच्या बोलण्यातले सगळे आवाज या चौकटीत मांडले की तसा आकार होतो म्हणाल्या. केळ्याच्या डाव्या बाजूला आ, ओ आणि म, न, ब, ड असले ठसठशीत आवाज. मध्यभागी ल, र. उजवीकडे च, श. आणि पार टोकाला स, फ, थ. हे एक तर बारीक आणि वर पुन्हा हळू. रेघेच्या वरचं ऐकू येत नाही, खालचं येतं. माझी रेघ केळ्याच्या बरोबर मधून गेलीय.

बाई हळुवारपणे म्हणाल्या, आजोबा, उजवं अर्धं केळं तुम्हाला पोचतच नाही. तुम्ही ते अंदाजाने भरून काढता.

अंदाज नव्हे, व्यासंग. पण वाद घातला नाही.

थोडक्यात: अर्धं केळं शाबूत आहे. या वयात हे थोडं नाही. मशीन वगैरे काही नको.

७ जुलै

घरात निकाल वाचून दाखवला. गोटीने कागद उभा-आडवा धरून पाहिला आणि आजोबांचं उरलेलं केळं कुणी खाल्लं, असं विचारलं. तिला सगळं समजावून सांगितलं. वर्गात सर्वांत चांगलं ऐकणारी विद्यार्थिनी.

मग मी तोडगा मांडला. घरातल्यांनी माझ्याशी बोलताना डाव्या अर्ध्या केळ्यातली अक्षरं वापरावीत. म, न, ब, ड, ल, व. भाषा समृद्ध आहे, शब्दांना तोटा नाही. स, श, फ यांच्यावाचून कुणाचं काय अडतं?

ही म्हणाली, मला वेड लावाल.

मी वहीत टिपून घेतलं. म, ल, व, ड, ल, व, ल. सातच्या सात अक्षरं नियमात. थोडा सराव केला तर ही सगळ्यांत पुढे जाईल.

संध्याकाळी गोटीकडून पहिल्या दोन ओळी घेतल्या:

सांज सावळी सरसर सरली
शांत शिवारी सुस्त सावल्या

आठ-आठ मात्रा, एकही ढळलेली नाही. डोळे मिटल्यावर प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आलं. मात्र डोळे उघडले तेव्हा गोटी पाणी प्यायला गेली होती.

९ जुलै

सूनबाईंना तोडगा मान्य नाही. त्यांनी तपासणीचा दुसरा दिवसही ठरवून टाकला. तोपर्यंत गोटीची तालीम बंद.

ठीक आहे. फेरपरीक्षा तर फेरपरीक्षा. आम्ही शिकवलेल्या कित्येकांनी फेरपरीक्षेतच नाव काढलं.

आणि एक गुपित. पहिल्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं, बाईंच्या आवाज सोडण्यात छंद आहे. दोन लघू, एक गुरू, मग यती. पुन्हा दोन लघू, एक गुरू, यती. हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसणार. कान गेलेल्या माणसाला यंत्र फसवील, पण वृत्त ओळखणाऱ्याला फसवणार नाही. वृत्त कळलं की पुढचा शब्द यायच्या आत कळतो.

संकल्प: बटणाचा रोज सराव.

१० जुलै

खटक्याच्या पेनावर सराव चालू. टक टक टऽक, विराम. हिने पेन हातातून ओढून घेतलं. म्हणाली, सकाळपासून टिकटिक टिकटिक, डोकं उठलं. आश्चर्य आहे. पेन अगदी निःशब्द आहे. या घरात कान तपासायची गरज नेमकी कुणाला आहे?

११ जुलै

फेरपरीक्षा.

एकाग्रतेसाठी डोळे मिटून घेतले. वृत्त पहिल्या झटक्यात पकडलं. बोटं आपोआप चालू लागली. टक टक टऽक. कुठेही यतिभंग नाही. मध्ये तर असं वाटलं की गच्चीत बसलोय, वारा सुटलाय, कोवळं वय आहे आणि कविता आपोआप उतरतेय. अंगावर काटा आला. कानाने ऐकणं फार खालच्या पायरीवरचं आहे, हे तेव्हा पटलं.

डोळे उघडले. काचेपलीकडे बाई, हातात पाण्याची बाटली, उभ्याच. त्यांच्या यंत्रावरचा दिवा माझ्या बोटाबरोबर पेटत होता, विझत होता.

आजोबा, त्या म्हणाल्या, मी पाणी प्यायला बाहेर गेले होते. आवाज बंद करून गेले होते.

त्यांना वृत्ताचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. चांगल्या घरातल्या दिसतात. मग म्हणाल्या, आवाज सोडताना त्या मुद्दाम वेळ कमी-जास्त करतात, कुणी ठेका धरू नये म्हणून. म्हणजे मुक्तछंद! मला तो कधीच आवडला नाही.

मशीनची जोडी ट्रायलसाठी दिलीय. नाही आवडलं तर परत करायचं.

१२ जुलै

मशीन लहान आहे, कानामागे बसतं. माझे केस कानांवर आलेले, कवीला शोभतील असे. त्यामुळे घातलंय की नाही ते कुणाला दिसायचं कारण नाही. हा शोध महत्त्वाचा.

सध्या डबीसकट शर्टाच्या खिशात ठेवलंय. सवय हळूहळू करावी.

गोटीची तालीम पुन्हा सुरू!

१४ जुलै

खिशात ठेवूनही बराच फरक जाणवतो. काल दाराची बेल ऐकली. (सूनबाई म्हणतात, ती शेजारची होती. पण ऐकली ना?)

गोटीला सांगितलं, काव्यवाचनाचा आत्मा म्हणजे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. मी शेवटची रांग आहे असं समज. तिने पुन्हा म्हटली. नाही पोचली. पुन्हा. नाही. चौथ्यांदा बरी.

१७ जुलै

गोटीची प्रगती विलक्षण आहे. आज पहिलं कडवं संपूर्ण ऐकू आलं. मी हात वर केला की ती आवाज वाढवते, खाली केला की आणखी वाढवते. हिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. सूनबाई म्हणाल्या, बाबा, मशीनने कमाल केली हो. मी नम्रपणे मान हलवली. श्रेय वाटून घ्यावं.

संकल्प: स्पर्धेनंतर ‘सांजसावल्या’ची सुंदर प्रत काढून शाळेला भेट. फ्रेमसकट.

२० जुलै, दुपार

आयुष्यातला सोन्याचा दिवस.

शाळेचा हॉल भरलेला. आधीची मुलं काय म्हणून गेली देव जाणे, सगळी ओठ हलवून खाली उतरली. एकाचाही उच्चार धड नाही. हल्ली शाळेत शिकवतात काय? मग गोटी. वेणी घट्ट, पाय जुळलेले, माईक अगदी ओठाशी.

आणि काय सांगू! शब्दन् शब्द पोचला. कोपऱ्या-कोपऱ्यात पोचला. पहिल्याच ओळीला एक परीक्षक खुर्चीसकट मागे सरकले. दुसऱ्या ओळीला झरोक्यातली कबुतरं उडाली. पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडू लागलं. चांगली कविता माणसाला हलवते, असं मी मुलांना नेहमी सांगत आलो. आज प्रत्यक्ष पाहिलं. अनेकांनी कानांवर हात ठेवले होते. डोळे मिटून घेणारे रसिक पाहिले होते, कान मिटून घेणारे पहिल्यांदाच. बहुधा पोचलेली ओळ आत धरून ठेवत असावेत.

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकटाच होतो. बाकीचे भारावले होते.

२० जुलै, संध्याकाळ

नंबर नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही.

परीक्षकांनी आपले कान तपासून घ्यावेत. माईकही हलक्या दर्जाचा होता.

गोटी आल्यापासून उशीत तोंड खुपसून आहे. शाळेतल्या मॅडम तिला म्हणाल्या, बाळा, कविता सांजेची आहे, भाजी विकायला नाही निघालोय आपण. मुलं हसली. बसमध्ये कुणीतरी तिला भोंगा म्हटलं.

मॅडमना कवितेतलं काही कळत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. जाऊन गोटीला तसं सांगितलं. तिने तोंड वर केलं नाही.

२१ जुलै

सकाळी सूनबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. आवाज चढवला नव्हता, पण चेहरा वाचता येत होता. गोटी रात्री त्यांना म्हणाली, मी हळूच म्हणत होते गं आई, पण हळू म्हटलं की आजोबा हात वर करतात. त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडायला लागले, मग तीच सवय लागली.

सूनबाई म्हणाल्या, पण बाबा, मशीन होतं ना तुमच्या कानात?

मी केस सारखे करत राहिलो. त्यांनी माझ्या खिशातली डबी काढली. उघडली. दोन्ही मशीन जशीच्या तशी. बॅटऱ्यांवरची नारंगी पट्टीसुद्धा सोललेली नाही. ती सोलल्याशिवाय बॅटरी चालूच होत नाही म्हणे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (डबीच्या झाकणावर चित्र आहे.)

सूनबाईंनी झाकण लावलं. डबी माझ्यासमोर ठेवून उठून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यातलं निदान अर्धं ऐकू आलं असतं.

ही म्हणाली, पोरगी तुमच्यासाठी ओरडली हो.

ते ऐकू आलं.

२२ जुलै

गोटीने जाहीर केलं, आजोबांसमोर कविता म्हणणार नाही. आजची नाही, उद्याची नाही, कुठलीच नाही. निरोप आईमार्फत.

संध्याकाळी ठरल्या वेळी खुर्चीत बसलो. समोर कुणी नाही. डोळे मिटून पाहिलं. काहीच ऐकू आलं नाही.

२३ जुलै

नारंगी पट्टी सोलली.

एकदम सगळीकडे खुसखुस सुरू झाली. आधी वाटलं, मशीन बिघडलंय. मग कळलं, वर्तमानपत्राचं पान आहे. सपाता सप सप करतात. नळ सुस्कारे टाकतो. खटक्याचं पेन खरोखर टिकटिकतं, आणि बरंच. हे लिहितानाही निब खर्र खर्र करतेय.

सर्वांत नवल हिचं. हिचा आवाज मुळात हळू आणि गोड आहे. इतकी वर्षं ही भांडकुदळ आवाजाची आहे असं मी धरून चाललो होतो. तो आवाज तिने माझ्यासाठी काढलेला होता. शिवाय ही स्वयंपाकघरात भांडी लावताना माझ्याविषयी सतत काहीबाही पुटपुटत असते. आज दाराआड उभं राहून ऐकलं. मार्मिक असतं. मलाही हसू आलं.

गोटीच्या खोलीच्या दाराशी गेलो. केस मागे सारून दोन्ही कान दाखवले. तिने मशीन निरखून पाहिलं, बोटाने टिचकी मारली. मी केवढ्याने दचकलो! ती हसली. खात्री पटली म्हणाली.

उद्या म्हणून दाखवणार आहे. पण एका अटीवर: हात वर करायचा नाही.

२४ जुलै

हात मांडीखाली दाबून बसलो. डोळे उघडे ठेवले.

गोटीने ‘सांजसावल्या’ म्हटली. हळू, तिच्या खऱ्या आवाजात. आवाज बारीक आहे, स्वच्छ आहे, शेवटाला किंचित कापतो. सगळं केळंच्या केळं पोचलं, उजव्या टोकापर्यंत.

सांज सावळी सरसर सरली... शांत शिवारी सुस्त सावल्या... पुढे सळसळ, मग सुस्कारे, मग शिरशिरी. चार कडवी. सायकलच्या ट्यूबमधून हवा जात राहावी, तसं. पंक्चर सापडेना आणि हवाही संपेना. परवा हॉलमध्ये मी नुसते आ आणि ई ऐकले होते. बाकीची कविता मी आतून घालत होतो, पन्नास वर्षं घालत होतो.

गोटीने विचारलं, कशी झाली?

खोटं सांगितलं नाही. तू छान म्हटलीस, असं म्हणालो. कविता बरी नाही.

ती म्हणाली, मला माहीत होतं. पण तुम्हाला आवडायची ना.

मग तिने तिच्या पुस्तकातली एक म्हटली, तिची आवडती. एक बेडूक छत्री विकत घ्यायला दुकानात जातो आणि मापाची मिळत नाही म्हणून रुसतो. आठ ओळी. मात्रा दोन ठिकाणी ढळल्यात. तरी मी पुन्हा म्हणायला लावली. मग आणखी एकदा.

कवी कोण, ते विचारलं नाही.